ईएसपीपीचे शेअर दान करावेत, की विकून रोख रक्कम द्यावी?

अमेरिकेत कर भरणारा नोकरदार कंपनीच्या कर्मचारी शेअर खरेदी योजनेतून, म्हणजे ईएसपीपीतून, घेतलेले शेअर धर्मादाय संस्थेला देतो तेव्हा विक्रीच झाली नाही तर उत्पन्न कसले, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. बाजारातून घेतलेल्या शेअरच्या बाबतीत ते बरोबरही ठरले असते. परंतु अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम ४२३ खालील योजनेत दान हीसुद्धा शेअरची विल्हेवाट मानली जाते आणि सवलतीतून झालेल्या लाभाचा काही भाग त्याच वर्षी पगाराप्रमाणे करपात्र होतो. तो किती, हे तारखांवर ठरते.

समजा, ग्रँटच्या दिवशी, म्हणजे योजनेचा खरेदी-कालावधी सुरू झाला त्या दिवशी, शेअरचा भाव १०० डॉलर होता, सहा महिन्यांनी खरेदीच्या दिवशी तो १२० झाला आणि योजनेत लुकबॅक (ग्रँट आणि खरेदी या दोन दिवसांतला कमी भाव धरण्याची सोय) व त्यावर १५ टक्के सवलत असल्यामुळे आपल्याला शेअर ८५ डॉलरला मिळाला. आज भाव १५० आहे. ग्रँटपासून दोन वर्षे आणि खरेदीपासून एक वर्ष, या दोन्ही मुदती उलटल्यानंतर दान केल्यास १५० वजा ८५ आणि १०० वजा ८५ यांतील लहान आकडा, म्हणजे १५ डॉलर, उत्पन्नात येतो. वजावट पूर्ण १५० डॉलरची मिळते आणि उरलेल्या ५० डॉलरच्या वाढीवर कधीच कर लागत नाही. एकही मुदत अपुरी असेल, तर खरेदीच्या दिवशीचा पूर्ण फरक, म्हणजे ३५ डॉलर, उत्पन्न ठरतो. त्यातही खरेदीला वर्ष झालेले नसेल, तर वजावट १२० डॉलरवरच थांबते. या उदाहरणात खरेदीनंतर दीड वर्ष थांबण्याची तयारी असलेल्याने त्याआधी दान करावे, असे एकही कारण मला दिसत नाही.

दोन्ही मुदतींनंतर शेअर विकून रोख दिली, तर ते १५ डॉलर टळत नाहीतच. वर ५० डॉलरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १५ टक्के दराने साडेसात डॉलर केंद्रीय कर पडतो. रोख देणगीच्या वजावटीची वार्षिक मर्यादा समायोजित उत्पन्नाच्या (एकूण उत्पन्नातून ठरावीक रकमा वगळून उरणाऱ्या उत्पन्नाच्या) ६० टक्के आहे, शेअरची ३० टक्के. पण न वापरलेली वजावट पुढची पाच वर्षे ओढता येत असल्याने हा फरक मोठ्या देणगीदारालाच जाणवतो.

भाव पडला असेल, तर पारडे उलटे फिरते. तोच शेअर ८० डॉलरवर आला आणि मुदतीआधी दान केला, तर ३५ डॉलरचे उत्पन्न तरीही दाखवावे लागते आणि ४० डॉलरचा भांडवली तोटा मात्र हातचा जातो. अशा वेळी शेअर विकावा, तोटा पदरात घ्यावा आणि रोख द्यावी. जवळ वर्षाहून जुने, वाढलेले, बाजारातून घेतलेले साधे शेअर असतील, तर माझा कल आधी तेच देण्याकडे राहील, कारण त्यांच्या दानातून पगारी उत्पन्न निर्माणच होत नाही.

वजावटीचा हा सारा हिशेब प्रमाणित वजावट न घेता खर्चांची तपशीलवार वजावट घेणाऱ्यांनाच लागू पडतो, आणि २०२६ पासून समायोजित उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी त्यांनाही वजा मिळत नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला शेअर थेट दिले, तर साधारणपणे अमेरिकेतली वजावट मिळत नाही. त्यासाठी अमेरिकेत नोंदलेली पात्र संस्था लागते.

विवरणपत्र भरताना खरी गफलत होते ती कागदांत. दानासाठी १०९९-बी, म्हणजे ब्रोकरकडून येणारा विक्रीचा फॉर्म, येत नाही, या उत्पन्नातून करकपात झालेली नसते आणि शेअर ब्रोकरकडून परस्पर संस्थेकडे गेल्याचे कंपनीला कळले नसेल, तर डब्ल्यू-२ मध्येही, म्हणजे कंपनीने दिलेल्या वार्षिक वेतनपत्रातही, ते उतरत नाही. ईएसपीपीतल्या खरेदीचा तपशील देणाऱ्या फॉर्म ३९२२ वरून आकडा स्वतः काढावा, तो डब्ल्यू-२ च्या पहिल्या रकान्यात आधीच धरला आहे का हे पगार विभागाकडून लेखी घ्यावे आणि धरला नसेल तर फॉर्म १०४० वर, म्हणजे मुख्य विवरणपत्रात, वेतनाच्या उत्पन्नात मिळवावा. शेअरसारख्या वस्तुरूप देणग्या ५०० डॉलरच्या वर गेल्यास फॉर्म ८२८३ जोडावा लागतो; शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरला मूल्यांकनाचा अहवाल लागत नाही, दानाच्या दिवशीच्या उच्चतम व नीचतम भावाची सरासरी पुरते.