कॅमेरा विकायचा राहिला, ते बरं झालं
एमजी रोडवर 22 हजारांचा मोबाईल घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, आता कॅमेरा विकून टाका!" गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं मी.

रामशेज किल्ला चढताना फोनने मन जिंकलं. नकाशा आधीच उतरवून घेतल्यामुळे रेंज नसतानाही वाट दाखवली. विजेरी तर आता घरीच असते.

पितळ उघडं पडलं नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. (2020 साली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण, पण आमच्या सोसायटीत निम्म्यांनी पाहिलेलं नाही.) रोहित पक्षी (फ्लेमिंगो) लांब पाण्यात. फोनच्या दहापट झूममधलं भिंगाचं काम दुपटीपर्यंतच. पुढे नुसतं चित्र कापून ताणायचं. पक्षी कसले, गुलाबी ठिपके! शेजारच्याच्या 300 मिलिमीटरच्या लेन्समध्ये चोचीचं काळं टोकसुद्धा स्पष्ट.

गिऱ्हाईकाला तिथूनच फोन करून नाही म्हटलं. आवाज मात्र खणखणीत येतो हो.