रॉमकॉम लिहिताय? गैरसमज घ्यावा की सोंग

एकांकिकेसाठी किंवा शॉर्टफिल्मसाठी प्रेमाची विनोदी गोष्ट लिहायला बसलं की पहिली भेट पटकन सुचते. कोल्हापुरात रंकाळा तलावावर भेळेच्या गाडीपाशी सुट्ट्या पैशांवरून भांडण, झालं काम. शेवटी दोघं एकत्र येणार हेही तिकीट काढतानाच सगळ्यांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते मध्ये. एकमेकांसाठीच असलेल्या या दोघांना तासभर लांब ठेवायचं कशाच्या जोरावर?

हमखास चालणारे मार्ग दोन: गैरसमज किंवा सोंग. दोन्ही मी वापरून पाहिलेत आणि आता जरा सोंगाकडे कललोय. तुमचे नट, तुमचा वेळ वेगळा असेल, तेव्हा हे तेवढ्याच बेतानं घ्या.

गैरसमज स्वस्त पडतो. अर्धवट ऐकलेलं एक वाक्य आणि विंगेतून चुकीच्या क्षणी आलेलं तिसरं माणूस, एवढ्यावर भागतं. कपडेपट नको, नेपथ्य बदलायला नको. शिवाय चूक कुणाचीच नसते, त्यामुळं प्रेक्षक दोघांवरही माया करतो. रुसवा रंगवणारी मुलगी हाताशी असेल तर सोन्याहून पिवळं. विनोद मात्र आटतो. तो हीरोच्या मित्राकडून उसना आणावा लागतो आणि मग मित्रच टाळ्या घेऊन जातो.

हे सगळं चालवून घेता येतं. मला नडला तो फोन.

आमच्या एका प्रयोगात नायिका नायकाला कुणा मुलीबरोबर स्कूटरवर बघते. ती त्याची चुलतबहीण. नायिका रडत विंगेत जाते, हा मधोमध उभा राहून वरच्या स्पॉटकडे बघत स्वगत सुरू करतो. शांतता छान जमली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "भावा, फोन लाव की तिला!" अख्खं सभागृह हसलं. प्रयोगातला सगळ्यात मोठा लाफ्टर तोच, आणि संहितेत तो नव्हता.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. फोनची बॅटरी संपली म्हणावं, तर चार्जर कुठंही मिळतो. तिला गगनबावड्याला मामाकडं पाठवून रेंज घालवावी, तर संध्याकाळी ती एसटीनं परत येतेच. तिनं ब्लॉक केलं म्हणावं, तर तालमीतलीच पोरं विचारतात, मैत्रिणीच्या फोनवरून का नाही लावत? म्हणजे आता मैत्रीण गावाला. प्रत्येक सबबीला अर्धं पान गेलं. प्रेमाची गोष्ट बाजूला राहिली, आम्ही मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलो.

जुन्यांना ही कटकट नव्हती. फ्रँक काप्राच्या १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये बातमीदार नायक, नायिका झोपेत असताना बातमी विकून लग्नापुरते पैसे आणायला निघून जातो. जाग आल्यावर तिला वाटतं, हा मला टाकून गेला. रस्त्याकडेच्या मुक्कामावर त्याला गाठायची सोयच नाही, म्हणून तो गैरसमज टिकतो. त्या सिनेमाला पाच ऑस्कर मिळाली. खुंटी भक्कम होती, म्हणून झगा टांगता आला. आज ती खुंटी आपल्या खिशातल्या यंत्रानं उपटून टाकलीय.

सोंगाचं उलटं आहे. तिथं फोन वाजला की आणखी गंमत. नायकानं घरमालकिणीला लग्न झाल्याचं सांगितलंय आणि आईचा व्हिडिओ कॉल येतो. बायको म्हणून उभी केलेली मैत्रीण स्वयंपाकघराकडं पळते, मालकीण नेमकी तिथूनच चहा घेऊन बाहेर येतेय. इथं मागच्या रांगेनं "अरे उचलू नको!" ओरडलं तरी ते आपल्याच बाजूचं ओरडणं.

फक्त सोंग गरजेतून यावं. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त सगळा घोळ राहायला जागा मिळावी म्हणून होतो, पोरगी पटवायला नाही. म्हणून त्या चौघांचा राग येत नाही. राजारामपुरीत बॅचलरला खोली शोधून बघितलेल्याला तर मुळीच नाही. हेच खोटं मुलीला फसवायला वापरलं की आजच्या मुली हात बांधून बसतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. पुरुषाला साडी नेसवून मिळणारा हशाही आता जपून घ्यावा, तो फार वापरून झालाय.

आपल्या कोल्हापूरचा कलही मला सोंगाकडंच दिसतो. १९३८ मध्ये इथल्याच हंस पिक्चर्सनं 'ब्रह्मचारी' काढला. कथा अत्र्यांची, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला गडी प्रेमात पडतो. त्याचं सोंग जगाइतकंच स्वतःशीही आहे, आणि असलं सोंग फोननं मोडत नाही.

सोंगाची दुखरी जागा म्हणजे कबुली. एवढं खोटं ऐकून नायिकेनं माफ का करावं? इथं बऱ्याच संहिता कोसळतात. मला उपयोगी पडलेला उपाय असा: तिला ते मधेच कळू द्यावं आणि तिनं गप्प राहावं. मग खेळ तिच्या हातात जातो. ती मुद्दाम विचारते, "तुमच्या बायकोला बोलवा की जेवायला, रविवारी." त्याला घाम फुटतो, प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं आणि माफीचा हिशेब आपोआप चुकता होतो.

जाता जाता शेवटच्या धावपळीबद्दल. दोन्ही प्रकारांत ती लागते, पण कोल्हापुरात जागा बघून घ्या. सीबीएस बसस्थानकावर नायक धापा टाकत पोचला तरी पुण्याची पुढची गाडी लागलेलीच असते, त्यात कसली घालमेल? विमानतळ उजळाईवाडीत, तिथवर धावणं कुणाला पटणार नाही. राहता राहिली मुंबईला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस. ती सुटली की सुटली.

दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करत असाल तर मात्र खुशाल गैरसमज घ्या. फोनची आठवण होईपर्यंत श्रेयनामावली सुरू झालेली असते.