जड डायनिंग टेबलाला खुर्च्या कुठल्या? सागवानी, वेताच्या, गादीच्या की लोखंडी

पुण्यात कोथरूड-एरंडवण्यात जुन्या सोसायट्या पाडून नव्या उभ्या राहतायत, आणि सामान हलवताना प्रत्येक घरात एखादं तरी असं टेबल निघतं जे टाकवत नाही. सहा बाय तीन फुटांची सागाची फळी, दीड इंच जाड, खाली चार इंची चौकोनी पाय. नुसती फळीच 40 किलोच्या आसपास भरते. पाऊण इंची ग्रॅनाइट असेल तर 80 किलोच्या पुढे. टेबल नव्या फ्लॅटमध्ये येतं, पण त्याच्या मूळच्या खुर्च्या एव्हाना खिळखिळ्या झालेल्या असतात, नाहीतर वाटणीत दुसरीकडे गेलेल्या असतात. नव्या बघायला जावं तर दुकानदार हमखास म्हणतो, "ताई, एवढ्या भारी टेबलाला भारीच खुर्ची शोभेल."

मला हे पटत नाही. टेबल एकदा ठेवलं की वर्षानुवर्षं हलत नाही, हलते ती खुर्ची. दिवसातून चार वेळा ओढायची, आत सरकवायची, केर-फरशीच्या वेळी उचलायची. दिसण्याचा भारदस्तपणा टेबलाकडे आधीच भरपूर आहे. तेव्हा खुर्ची सडपातळ, हाताला हलकी आणि सांध्यांना पक्की असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथं ते लागू पडत नाही तेही पुढे सांगते.

आधी टेप, मग शोरूम

फसगत रंगात क्वचित होते, उंचीत हमखास होते. टेबल साधारण 75 सेंमी उंच आणि खुर्चीची बैठक 45 सेंमी, हा नेहमीचा हिशेब. पण तो पातळ फळीच्या टेबलाचा आहे. जड टेबलाला फळीखाली चारही बाजूंनी आधाराची उभी पट्टी असते. फळी 4 सेंमी आणि पट्टी 10 सेंमी धरली, तर जमिनीपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत उरतात 61 सेंमी. मांडी सुखानं आत जायला 17-18 सेंमी लागतात. म्हणजे माणूस बसून गादी दबल्यावर बैठक 43 सेंमीच्या वर नको. शोरूममधली फुगीर गादीची खुर्ची सहज 48 भरते. दुकानात तिच्यावर बसून छान वाटतं, कारण तिथं समोर तुमचं टेबल नसतं. घरी आणल्यावर मांडी पट्टीला घासते, माणूस मागे सरकून बसतो, ताट लांब राहतं आणि वरणाचा घास पोचेपर्यंत दोन थेंब मांडीवर पडतात.

म्हणून फळीची उंची मोजून थांबू नका. पट्टीच्या खालून जमिनीपर्यंत मोजा, त्यातून 18 वजा करा आणि तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. 43 ची बैठक बुटकी वाटेल ही भीतीही नको. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईचे पाय 48 च्या बैठकीवरून जमिनीला नीट टेकतसुद्धा नाहीत.

दुसरं माप पायांमधल्या अंतराचं. सहा फुटी टेबलाला चार इंची पाय थोडे आत घेऊन बसवलेले असले, की लांब बाजूला आतून जेमतेम दीड मीटर जागा मिळते. 45 सेंमी रुंदीच्या तीन खुर्च्या तिथं मावतात, पण अंगाला अंग लावून. 50 च्या तीन घेतल्यात तर शेवटची कायम टेबलाच्या पायावर आपटणार. हातांच्या खुर्च्या 56-58 सेंमी रुंद असतात, त्या एका बाजूला दोनच. शिवाय खुर्चीचे हात जमिनीपासून 65 सेंमीच्या आसपास असतात आणि पट्टी 61 वर, त्यामुळे ही खुर्ची टेबलाखाली जातच नाही, कायम बाहेर उभी राहते. टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत 90 सेंमी मोकळे असले तर बसलेल्याच्या मागून वाढणारी व्यक्ती जाऊ शकते. 75 मध्ये फक्त उठता-बसता येतं. पुण्यातल्या बहुतेक टू-बीएचकेमध्ये डायनिंग म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली वाट. तिथं हे 15 सेंमी रोज जाणवतात.

भरीव सागवानी किंवा शीशम विरुद्ध वेताची बैठक

खरी निवड या दोघांत आहे, म्हणून इथं जरा थांबते.

भरीव लाकडी खुर्ची टिकते, यात वाद नाही. सागवानी असेल तर वजन 7 ते 9 किलो, शीशमची त्याहून थोडं जास्त. एका हातानं उचलून बघा. साठीपुढच्या माणसाला ती रोज उचलवणार नाही, मग ती ओढली जाणार, आणि ओढण्यानं मागच्या पायांचे सांधे सगळ्यात आधी ढिले होतात. पुण्याची हवा त्यात भर घालते. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल धरून फुगतं, एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं. खाचेत कूस (जोडायच्या लाकडाचं घडवलेलं टोक) बसवून फेविकॉल भरलेला सांधा हे सोसतो. नुसते स्क्रू मारलेला दोन-तीन उन्हाळ्यांत कुरकुरायला लागतो. दुकानात खुर्ची उलटी करा. बैठकीखाली चारही कोपऱ्यांत तिरके लाकडी ठोकळे बसवलेले दिसले तर कारागिरानं मन लावून काम केलंय. पत्र्याचे कोन आणि स्टेपलच्या पिना दिसल्या तर भाव कितीही पाडून दिला तरी सोडा. सागात फिकट पांढुरका भाग किती आहे तेही बघा. ते कच्चं लाकूड, किडा आधी तिथंच लागतो आणि मग पायाशी पिठासारखी पावडर पडते.

शीशमबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. राजस्थानातून येणाऱ्या या खुर्च्यांचं लाकूड आणि आजीच्या शिसवी टेबलाचं लाकूड ही वेगवेगळी झाडं आहेत. शेजारी ठेवल्यावर रंग आणि रेषा जुळत नाहीत. तसाही जुन्या टेबलाशी पॉलिश तंतोतंत जुळवण्याचा हट्ट धरू नये. थोडंसं चुकलेलं जुळवणं डोळ्यांना फार खटकतं. त्यापेक्षा दोन छटा गडद, नाहीतर सरळ वेगळी खुर्ची घ्यावी.

आता वेताची. चौकट सागाचीच, पण बैठक आणि कधी कधी पाठ वेतानं विणलेली. भरीव फळ्या गेल्यामुळे वजन दोन-तीन किलोंनी उतरतं आणि जाळीतून पलीकडचं दिसत असल्यानं खोली भरून गेल्यासारखी वाटत नाही. जाडजूड टेबलाभोवती अशा सहा खुर्च्या ठेवल्या की टेबल उठून दिसतं. भरीव पाठीच्या सहा ठेवल्या की टेबल कुंपणात गेल्यासारखं होतं. उन्हाळ्यात पाठीला घाम येत नाही हा फायदा वेगळाच. आणि मुख्य म्हणजे वेताच्या बैठकीला जाडी जवळजवळ नसतेच, त्यामुळे मघाचं 43 चं गणित सहज सुटतं.

वेतात दोन प्रकार असतात आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही. पहिला हातविणीचा. बैठकीच्या चौकटीला सभोवार बारीक भोकं पाडलेली असतात आणि भिजवलेली वेताची पट्टी त्यांतून ओवून विणतात: दोन उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरक्या. सहा फेऱ्यांनंतर ती ओळखीची अष्टकोनी जाळी तयार होते. खुर्ची उलटी केली की भोकाभोकातून गाठी दिसतात, हीच ओळख. दुसरा प्रकार तयार जाळीचा. मशिनवर विणलेली जाळी चौकटीतल्या खाचेत दाबतात आणि वरून पट्टी ठोकतात. दिसायला दोन्ही सारख्याच. पण हातविणीची जाळी जागच्या जागी दुरुस्त करता येते, तयार जाळी एका ठिकाणी फाटली की अख्खी बदलावी लागते. रोजच्या वापराला मी हातविणीचीच घेईन, थोडं महाग पडलं तरी.

वेताची निगा सोपी आहे. बैठक खाली झोळ खाऊ लागली तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूनं ओल्या फडक्यानं जाळी चांगली भिजवायची आणि रात्रभर वाळू द्यायची. वाळताना वेत आवळतो. वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही, म्हणून खालून. वेताला खपत नाही ते असं: कुणी वर उभं राहून बल्ब बदलणं आणि मुलांनी गुडघे रोवून बसणं. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर सध्या प्लॅस्टिकच्या वेताची वीण करून घ्या. दिसायला ती कमी पडते, पण चिवट असते, आणि पुढे त्याच चौकटीत खरा वेत भरता येतो.

याच घराण्यातली आणखी एक खुर्ची म्हणजे वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, इराणी हॉटेलात आपण सगळेच जिच्यावर बसून बनमस्का खाल्ला तशी. मिखाएल थोनेट यांनी 1859 मध्ये हिचा मूळ नमुना बाजारात आणला: लाकडाचे 6 तुकडे, 10 स्क्रू आणि 2 नट, बस्स. बीचचं लाकूड, वजन सागवानीच्या निम्म्यानं. जड टेबलाच्या सरळ रेषांपुढे तिची वळणं फार सुंदर दिसतात. जुन्या फर्निचरच्या दुकानांत चांगली मिळाली तर घ्याच. मात्र बैठकीची कडी आणि मागचा पाय जिथं जुळतात तिथला स्क्रू हातानं हलवून बघा. भोक मोठं झालेलं असेल तर ती खुर्ची फक्त शोभेची. जाड अंगाच्या माणसाला ही खुर्ची अरुंद पडते, हेही खरं.

गादीची

शोरूममध्ये सगळ्यात जास्त मोह हिचाच पडतो, आणि आपल्या जेवणाला सगळ्यात कमी सोसते तीही हीच. आपण हातानं जेवतो, पानात रस्सा असतो, आमटीत हळद असते. फिक्या कापडावरचा हळदीचा डाग पूर्ण जात नाही. रेक्झिन पुसता येतं, पण स्वस्तातलं लेदराइट काही वर्षांत पापुद्रे टाकतं आणि ते कपड्यांना चिकटतात. त्यात उंचीचा प्रश्न आहेच.

तरीही ज्यांच्या टेबलावर जेवणानंतर लॅपटॉप उघडतो, मुलं दोन-दोन तास अभ्यास करतात, त्यांना फळी टोचते. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: चौकटीत बसणारी, चार स्क्रू काढले की सुटी होणारी पातळ गादी. फोम 40 डेन्सिटीचा मागा, दीड इंचाहून जाड नको. कव्हर बदलायला ती गादी घेऊन कुठल्याही कुशनवाल्याकडे जाता येतं, खुर्ची न्यावी लागत नाही. ठोकून पक्की केलेल्या गादीला ही सोय नाही.

लोखंडी आणि बाक

पावडर कोटिंग केलेली लोखंडी पाइपची खुर्ची सगळ्यात स्वस्त, हलकी, सांध्यांची कटकट नाही. दोष एकच, पण तो पुणेरी घरात हमखास उद्भवतो: फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते, पायाखालचा प्लॅस्टिकचा बुश फुटतो, पाइपात पाणी शिरतं आणि टाइल्सवर गंजाचे गोल डाग उमटतात. बुश दरवर्षी बदलणार असाल तर घ्या. ग्रॅनाइटच्या टेबलाशी ही खुर्ची बरी जमते, सागाच्या जुन्या टेबलापुढे पोरकी दिसते.

एका बाजूला बाक ठेवण्याची पद्धत आता बरीच दिसते. मुलांसाठी झकास, जागाही वाचते, कारण तो पूर्ण आत सरकतो. ज्येष्ठांना नको. पाठ नाही, आणि मधल्याला उठायचं तर कडेच्याला आधी उठवावं लागतं.

घर बघून निर्णय

आई-वडील सत्तरीच्या पुढे असतील तर माझं हलक्या खुर्चीचं मत त्यांच्यापुरतं बाजूला ठेवा. त्यांना उठताना रेटा द्यायला हात असलेली, जागची न सरकणारी, वजनदार खुर्चीच हवी. अशा दोन, टेबलाच्या दोन टोकांना. टोकाला त्या टेबलाखाली गेल्या नाहीत तरी वाट अडत नाही. बाकीच्या चार बिनहाताच्या, वेताच्या. सहाही सारख्या असल्या पाहिजेत असं काही नाही, फक्त लाकूड आणि बैठकीची उंची एक ठेवा. कुणी खुर्चीवर मांडी घालून जेवणारं असेल, आणि आपल्याकडे एखादं असतंच, तर त्या खुर्चीची बैठक किमान 50 सेंमी रुंद आणि बिनहाताची करून घ्या. टोकं हातांच्या खुर्च्यांनी अडली नसतील तर तिला लांब बाजूला नाही, टोकाला जागा द्या.

खोली लहान असेल तर पाठीची उंची 85 सेंमीच्या आसपास ठेवा. 105 च्या उंच पाठी फोटोत रुबाबदार दिसतात, पण दहा बाय अकराच्या जागेत त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड घेऊन मिस्त्रीकडून करवून घेणार असाल, तर सहाची ऑर्डर ठरली तरी आधी एकच खुर्ची बिनपॉलिशची मागा. घरातल्या सगळ्यांना चार-आठ दिवस तिच्यावर आळीपाळीनं जेवू द्या. बैठक उंच वाटली तर पायातून सेंमी-दीड सेंमी कापता येतं, पाठ टोचली तर रंधा मारता येतो. पॉलिश चढल्यावर मिस्त्रीही हात लावायला नाखूश असतो. माप नक्की झालं की उरलेल्या पाच तिच्यावरून करायला सांगा आणि पॉलिश सहाही खुर्च्यांना एकाच वेळी करून घ्या, म्हणजे छटेत फरक पडत नाही. हे काम पावसाळ्यात मात्र काढू नका. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते आणि वाळायला दुप्पट दिवस लागतात.