टिळकवाडीतील पिनबॉल आणि धक्क्याची योग्य वेळ

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एक छोटे गेम पार्लर आहे. गेले तीन महिने मी खानापूरहून जवळजवळ दर शनिवारी तेथे जातो, आणि ते केवळ एका यंत्रासाठी. व्हिडिओ गेमच्या रांगेच्या शेवटी, भिंतीला लागून, बॅली या व्यापारी नावाने १९९५ साली अमेरिकेत बाजारात आलेले ‘अटॅक फ्रॉम मार्स’ हे पिनबॉल, म्हणजे काचेखालच्या उतरत्या टेबलावर धातूचा चेंडू खेळवण्याचे यंत्र, उभे आहे. खऱ्या यंत्रावर हात बसवण्याची संधी आपल्या भागात सहसा मिळत नाही, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

एका डावाला ४० रुपये पडतात आणि त्यात तीन चेंडू मिळतात. यंत्राच्या मधोमध उडती तबकडी आहे आणि तिच्यापुढे तीन लक्ष्यांची पट्टी आहे. नवख्या माणसाचे लक्ष साहजिकच तबकडीकडे जाते; परंतु पट्टीवर आदळलेला चेंडू बहुधा सरळ खाली, दोन्ही फ्लिपरच्या, म्हणजे बटण दाबल्यावर चेंडू वर मारणाऱ्या खालच्या दांड्यांच्या, मधल्या फटीकडे परततो. त्यामुळे नेम जितका चांगला, तितका चेंडू गमावण्याचा धोकाही मोठा, आणि म्हणूनच या यंत्रावर धक्का देण्याची कला शिकल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आपल्याकडे कॅरमवर वाढलेल्या हाताला ही गोष्ट प्रथम पटत नाही. कॅरममध्ये बोर्डाला कोपर लागले तरी समोरचा गडी आक्षेप घेतो. पिनबॉलमध्ये मात्र यंत्राला हलका धक्का देणे हा खेळाचाच भाग आहे, किंबहुना फ्लिपरपेक्षाही तो जुना आहे. फ्लिपर आले १९४७ साली. त्याआधी चेंडू एकदा वर सोडला की खेळाडूच्या हातात यंत्र हलवण्याखेरीज काही उरत नसे. लोक ते इतके हलवू लागले की १९३०च्या दशकात हॅरी विल्यम्स या अमेरिकी पिनबॉल रचनाकारांनी त्यावर ‘टिल्ट’ची युक्ती काढली.

टिल्टची रचना साधी आहे. यंत्राच्या पेटीत एका धातूच्या कड्यामधून तारेला टांगलेले वजन लोंबत असते. यंत्र जोरात हलले की ते वजन कड्याला टेकते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि सूचना मिळते. येथील यंत्रावर दोन सूचना मिळतात. तिसऱ्या वेळी फ्लिपर निर्जीव होतात, चेंडू डोळ्यांदेखत खाली जातो आणि त्या चेंडूचा बोनसही बुडतो. पहिले काही आठवडे माझे नेमके हेच होत असे. एक सूचना मिळाली की मी घाबरून लगेच दुसरा धक्का देई, आणि आधीच झुलत असलेले वजन पुन्हा कड्याला लागे. पहिल्या धक्क्यानंतर वजन स्थिर होईपर्यंत दोन-तीन क्षण हात आवरायचा असतो, हे मला फार उशिरा कळले.

दुसरी आणि अधिक मोलाची गोष्ट पार्लरच्या मालकांनी शिकवली. उजव्या कडेच्या आउटलेनजवळ, म्हणजे चेंडू फ्लिपरला चुकवून कडेने खाली नेणाऱ्या वाटेजवळ, माझे चेंडू एकामागून एक जात असताना ते शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “दादा, चेंडू रबराला लागायच्या आधी हात लावू नका की. मोकळ्या चेंडूला धक्का कळतच नाही.” त्या एका वाक्याने माझा खेळ बदलला. धक्का चेंडूला लागत नाही, तो टेबलाला लागतो. चेंडू मोकळा घरंगळत असेल तर खालचे टेबल हलले तरी त्याच्या मार्गात फारसा फरक पडत नाही. आउटलेनच्या तोंडाशी असलेल्या रबरी खुंटीला तो टेकतो, त्याच निमिषात यंत्र चेंडूच्या दिशेने ढकलले तर तो जोराने उसळून आत येतो आणि मागे ओढले तर त्याचा वेग मरतो. चेंडू मधल्या फटीत सरळ उतरत असेल, तर यंत्र थोडे आडवे सरकवून फ्लिपरचे टोक त्याच्याखाली आणावे लागते. तळहाताचा खालचा भाग पेटीच्या कडेवर टेकवून, मनगट सैल ठेवून हा धक्का द्यावा. खांद्याची ताकद लावली की टिल्ट ठरलेलाच. गेल्या शनिवारी एका चेंडूवर मी अशा चार वाचवण्या केल्या आणि एकही सूचना आली नाही, त्याचा आनंद मला अजून आहे.

मालकांनी वजन बेताचे ठेवले आहे, हे या ठिकाणाचे सर्वांत मोठे श्रेय होय. ते फार सैल असते तर आम्ही यंत्र गदागदा हलवत बसलो असतो, आणि फार कडक असते तर धक्का देण्याचे धाडसच झाले नसते. यंत्राच्या काचेवर त्यांनी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे: “हलवा, पण उचलू नका.”

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. डावा फ्लिपर थकलेला आहे. त्याने मारलेला चेंडू उजव्या उतारावर अर्ध्यातून परत येतो. वरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काचेत नेमके आउटलेनवर पडते, आणि जेथे नजर सर्वांत तीक्ष्ण हवी तेथेच ती चुकते. दोन्ही गोष्टी मी मालकांच्या कानावर घातल्या आहेत. फ्लिपरची नवी कॉइल मागवली असल्याचे ते म्हणाले. ट्यूबलाइटवर मात्र त्यांनी त्याच दिवशी स्टुलावर चढून पुठ्ठा बांधला, तरी संध्याकाळी थोडी चमक राहतेच. संध्याकाळी कॉलेजच्या मुलांची गर्दी असते. शिकण्यासाठी जायचे असेल तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जावे. त्या वेळी मालक मोकळे असतात आणि विचारले तर शेजारी उभे राहून सांगतात.