एएमटी की सीव्हीटी: दुसरा गिअर पडेपर्यंतचा तो क्षण

छोट्या गाडीत ऑटोमॅटिक घ्यायचं ठरलं की प्रश्न बहुतेकदा एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) की सीव्हीटी (कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन), या दोन गिअरबॉक्सपैकी कुठला, यावर येऊन अडतो. मी आधी चार वर्षं एएमटी चालवली, आता तीन वर्षं सीव्हीटी चालवतोय. गाड्या साधारण एकाच आकाराच्या, इंजिनंही जवळपास तेवढीच. त्यामुळे फरक जाणवला तो गिअरबॉक्सचाच, असं मला वाटतं.

एएमटीत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्रणा करते. म्हणून मायलेज मॅन्युअलच्या आसपास मिळतं, क्लच प्लेट गेली तरी मेकॅनिकला ते काम ओळखीचं असतं. मोकळ्या रस्त्यावर वरचा गिअर पडला की तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

तक्रार होती ती पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना. गिअर बदलायला क्लच सुटतो आणि तेवढा वेळ चाकांना ओढच नसते. हे मॅन्युअलमध्येही होतं, पण तिथे कधी बदलायचं हे आपण ठरवतो. इथे ते गाडी ठरवते. शेजारी बसलेल्याची मान हलकेच पुढे जाते आणि परत मागे येते. गाडी गिअर बदलणार असं वाटलं की पाय जरा उचलायचा, हे मी शिकलो आणि झटका बराच कमी झाला. पण चौकात वळताना, समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये फट दिसली म्हणून गाडी घातली, की नेमकी रस्त्याच्या मधोमध ती श्वास घ्यायला थांबायची. तिथे पाय उचलायला मन होत नाही. समोरची गाडी जवळ येतेय, आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबलाय आणि अर्धा-पाऊण सेकंद काहीच होत नाही. चार वर्षांत मला त्याची सवय झाली नाही. दुसरी गाडी घेतली ती या एका गोष्टीसाठी.

सीव्हीटीत पहिला, दुसरा अशा गिअरच्या पायऱ्याच नाहीत. दोन पुल्या असतात, एक इंजिनाकडची, एक चाकांकडची, आणि प्रत्येक पुली समोरासमोरच्या दोन शंकूंची. शंकू जवळ आले की बेल्ट वर चढून मोठ्या घेरावर फिरतो, लांब गेले की आत उतरतो. एक पुली मिटते तशी दुसरी उघडते, आणि इंजिन व चाकांच्या वेगाचं गुणोत्तर सरकत बदलत राहतं. बेल्ट म्हटल्यावर तो तुटेल अशी मलाही धास्ती होती. १९५८च्या डॅफ ६०० या सीव्हीटीवाल्या छोट्या गाडीत खरोखरच रबरी पट्टे होते. आताच्या बहुतेक गाड्यांत पोलादाच्या शेकडो पातळ तुकड्यांची माळ असते आणि ती ओढण्याऐवजी ढकलून जोर पोचवते. १९८७च्या सुबारू जस्टीपासून असा बेल्ट छोट्या गाड्यांत आहे.

चालवताना गंमत काट्यांकडे बघताना कळते. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा दोन हजारांच्या आसपास जागच्या जागी, आणि वेगाचा काटा सरळ चढत जातो. चौकातली ती पोकळी इथे नाही. चढावर सरकत जाणाऱ्या रांगेतही टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाचा जोर क्लचऐवजी तेलातून पुढे देणारी) सीव्हीटी शांत असते. एएमटीत मात्र तिथे गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, नाहीतर क्लच तापतो. काही एएमटींमध्ये हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून क्षणभर ब्रेक धरून ठेवणारी सोय) असतो, त्याचा उपयोग होतो.

सीव्हीटीलाही खोड आहे. पाय पूर्ण दाबला तर इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, रबर ताणल्यासारखा. इंजिन ताकदीच्या आरपीएमवर जाऊन बसतं आणि पुल्या मागून जुळवून घेतात. अर्ध्या पायाने चालवली तर हे क्वचितच जाणवतं. ज्यांना ओव्हरटेकची घाई फार, त्यांना कदाचित खटकेल. बेल्ट दाबून धरायला पंप सतत चालतो, त्यात थोडं इंधन जातं. आणि ऑइलच्या बाबतीत तडजोड नको: कंपनीने सांगितलेलंच हवं, कारण बेल्टची पकड त्याच्यावर असते. आत बिघाड झाला तर दुरुस्ती एएमटीपेक्षा महाग पडते, हेही धरून चाला.

रोजचा प्रवास लांबचा आणि मोकळ्या रस्त्याचा असेल तर एएमटी घ्यायला माझी हरकत नाही. शहरातली गर्दी, सिग्नल, चढ असतील तर मी तरी सीव्हीटीच म्हणेन. टेस्ट ड्राइव्ह मात्र रिकाम्या रस्त्यावर उरकू नका. गर्दीचा एखादा चौक घ्या, एक चढ घ्या, आणि घरातल्या कुणाला तरी शेजारच्या सीटवर बसवा.