कम्युनिटी कॉलेजची प्लेसमेंट: मार्कलिस्ट दाखवावी, ॲक्युप्लेसर द्यावी की ॲलेक्स?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, प्रवेश मिळवणं सोपं असतं. खरा निर्णय पुढे असतो: इंग्रजी आणि गणिताच्या कोणत्या वर्गात बसायचं? यालाच प्लेसमेंट म्हणतात. ती हायस्कूलच्या मार्कलिस्टवरून होते किंवा ॲक्युप्लेसर, ॲलेक्स यांसारख्या परीक्षांवरून. बारावी करून आलेली मुलं, एच-४ व्हिसावर येऊन आता नर्सिंग किंवा अकाउंटिंगकडे वळणाऱ्या स्त्रिया, इथेच हायस्कूल झालेली मराठी घरांतली मुलं, सगळ्यांनाच हे ठरवावं लागतं. परीक्षेत नापास कुणी होत नाही, म्हणून बरेचजण तयारी न करता बसतात. नुकसान नंतर कळतं. खालचा, म्हणजे रेमेडियल वर्ग मिळाला तर फी नेहमीसारखीच भरावी लागते, पण क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे, पदवीसाठी मोजले जाणारे एकक) पदवीत धरलं जात नाही. गणितात तीन पायऱ्या खाली गेलात तर मुख्य विषयाला हात लावण्याआधी दीड वर्ष जाऊ शकतं.

पहिल्यांदा राज्य बघा, कारण पर्याय किती हे तिथेच ठरतं.

कॅलिफोर्नियात एबी ७०५ हा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१९ च्या फॉल सत्रापासून पूर्णपणे लागू झाला. तिथे प्लेसमेंट हायस्कूलच्या गुणांवर होते. कॉलेजांना दिलेल्या मूळ नियमांनुसार जीपीए (४ पैकी सरासरी श्रेणी) २.६ किंवा जास्त असेल तर थेट ट्रान्स्फर पातळीचं, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरलं जाणारं, इंग्रजी, १.९ ते २.६ मध्ये तोच वर्ग, सोबत जादा मदतीचा तास सुचवलेला. त्याखाली हा तास घ्याच असा आग्रह. संख्याशास्त्रासाठी हेच आकडे ३.० आणि २.३ आहेत. म्हणजे क्युपर्टिनो किंवा फ्रिमाँटच्या मुलाला परीक्षेची काळजी करायचं कारण नाही. भारतात शिकून आलेल्यांकडे अमेरिकन जीपीए नसतो, त्यांना 'गाइडेड सेल्फ-प्लेसमेंट'ची प्रश्नावली मिळते: ती भरा आणि वर्ग स्वतः निवडा. इथे आपली माणसं संकोचाने खालचा वर्ग निवडतात. तसं करू नका. बारावी सायन्सचं गणित पूर्ण केलेल्याने बीजगणिताच्या पायाभूत वर्गात बसण्यात काहीच हशील नाही.

टेक्सासमध्ये उलट आहे. सरकारी कॉलेजांत टीएसआयए२ ही परीक्षा आहे, सूट मिळाली नाही तर ती द्यावीच लागते. २०२१ च्या जानेवारीपासून हे रूप चालू आहे. गुण ९१० ते ९९० या पट्टीवर मिळतात. गणितात ९५० हवेत. इंग्रजीत ९४५ आणि निबंधात ८ पैकी ५. त्याखाली गेलात तर लगेच निदान चाचणी सुरू होते. तिच्यात गणितात पातळी ६, किंवा इंग्रजीत पातळी ५ आणि निबंधात ५ मिळाले तरी कॉलेज पातळीला पात्र ठरता. म्हणून पहिला भाग बिघडला असं वाटलं तरी उठून जायचं नाही. परीक्षेआधी एक 'प्री-असेसमेंट ॲक्टिव्हिटी' सक्तीची असते. ती न करता गेलात तर परीक्षेला बसू देत नाहीत.

न्यू जर्सीसह इतर अनेक राज्यांत प्रत्येक कॉलेजचं धोरण वेगळं असतं आणि खरी निवड करायची वेळ तिथेच येते.

मार्कलिस्ट की परीक्षा?

कागद असतील तर आधी कागद. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या २०१२ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की प्लेसमेंट परीक्षांमुळे गणितात सुमारे चारातल्या एकाची आणि इंग्रजीत तिघांतल्या एकाची जागा गंभीररीत्या चुकते, आणि चूक बहुतेकदा खाली ढकलण्याची असते. त्या मानाने हायस्कूलचे गुण पुढच्या यशाचा अंदाज बरा देतात. कारण उघड आहे: गुणांमागे काही वर्षांचा अभ्यास, गृहपाठ आणि हजेरी असते, परीक्षेमागे एक दुपार.

भारतीय कागदांची अडचण वेगळी. एचएससीची टक्केवारी कॉलेजचा क्लार्क स्वतः जीपीएत बदलत नाही. परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांची एनएसीईएस ही संघटना आहे, तिच्या सदस्य संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. पदवी झाली असेल तर 'कोर्स-बाय-कोर्स' अहवालच मागवा. स्वस्त 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' अहवालात पदवीची समकक्षता असते, विषयवार क्रेडिट नसतात, त्यामुळे बीएस्सीत शिकलेलं कॅल्क्युलस दिसतच नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, निघायला बराच वेळ लागतो, म्हणून सत्राच्या चार-पाच महिने आधी सुरुवात करा. तेवढा वेळ नसेल तर परीक्षा द्या आणि अहवाल आल्यावर वर्ग बदलून मागा.

ॲक्युप्लेसर

कॉलेज बोर्डाची ही परीक्षा संगणकावर होते आणि उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होतो. वाचनाचे २० प्रश्न, लेखनाचे २५. गणिताचे तीन वेगळे पेपर, प्रत्येकी २० प्रश्नांचे: (१) अंकगणित; (२) संख्यात्मक विचार, बीजगणित आणि संख्याशास्त्र; (३) प्रगत बीजगणित व फलने. गुण २०० ते ३००. परीक्षेला स्वतःची वेळमर्यादा नसते, आणि पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. तीन तासांच्या पेपरात अवघड प्रश्न सोडून शेवटी सोडवण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. प्रत्येक प्रश्न तिथेच नीट सोडवून, पडताळून मग पुढे जायचं.

कॅल्क्युलेटर काही ठरावीक प्रश्नांनाच पडद्यावर उघडतो. महाराष्ट्र बोर्डात कॅल्क्युलेटरशिवाय शिकलेल्यांना याचा त्रास होत नाही. अडतं ते फूट-इंच, औंस-पौंड, बॉक्स प्लॉट आणि रेषेच्या समीकरणाच्या अमेरिकन मांडणीवर. दोन संध्याकाळी दिल्या तर हे सुटतं. नक्की विचारायची गोष्ट म्हणजे कोणता पेपर देणार. कॅल्क्युलस हवं असेल आणि तुम्हाला प्रगत बीजगणिताचा पेपर मिळालाच नाही, तर बाकीच्यात कितीही गुण पडले तरी तिथवर पोचत नाही.

निबंधाचा भाग, राइटप्लेसर, ३०० ते ६०० शब्दांचा असतो आणि संगणकच तपासतो. विषय सोडून लिहिलं किंवा फार त्रोटक लिहिलं तर शून्य. शाळेत निबंध म्हणजे दोन्ही बाजू मांडून शेवटी मत, असं शिकलेल्यांचे गुण इथे जातात. मत पहिल्याच परिच्छेदात द्या, दोन किंवा तीन कारणं घ्या, प्रत्येकाला एक ठोस उदाहरण. स्पेलिंग तपासणारी सोय नसते.

ॲलेक्स

मॅग्रॉ हिल या प्रकाशन कंपनीचं ॲलेक्स पीपीएल (ॲलेक्सची प्लेसमेंट परीक्षा) फक्त गणितासाठी आहे. जास्तीत जास्त ३० प्रश्न, गुण ० ते १००, अभ्यासक्रम प्रीकॅल्क्युलसपर्यंत. पर्याय निवडायचे नसतात. उत्तर स्वतः टाईप करायचं, आलेख स्वतः काढायचा. अपूर्णांक संक्षिप्त केला नाही तर बरोबर उत्तरही चूक धरलं जाऊ शकतं. कॅल्क्युलस १ साठी बऱ्याच कॉलेजांत ७५ ते ८० च्या आसपास गुण मागतात.

ॲलेक्सची मोठी जमेची बाजू म्हणजे पहिल्या प्रयत्नानंतर तुमच्या कच्च्या भागांवर बेतलेला सरावाचा विभाग उघडतो. त्यात काही तास घालवून पुन्हा परीक्षा देता येते; एकूण प्रयत्न पाचपर्यंत असू शकतात, किती ते कॉलेज ठरवतं. दहावीनंतर गणित सुटलेल्या, पण हाताशी महिना-दीड महिना असलेल्या माणसाने हाच मार्ग घ्यावा. ॲक्युप्लेसर फक्त आज कुठे आहात ते सांगते, ॲलेक्स शिकवतंही. उद्याच नावनोंदणी बंद होणार असेल आणि गणित ताजं असेल, तर ॲक्युप्लेसर बरी.

धोका एकच, पण मोठा. ॲलेक्स बऱ्याचदा घरी देता येतं, आणि इंजिनिअर आई-बाबा शेजारी बसून 'जरा मदत' करतात. मूल कॅल्क्युलसला जाऊन पडतं आणि पहिल्या सत्रातच ट्रान्सक्रिप्टवर एफ (नापास) किंवा डब्ल्यू (वर्ग मध्येच सोडला) लागतो. येत नसलेल्या प्रश्नाला 'आय डोन्ट नो' दाबलेलं बरं, म्हणजे सराव विभाग योग्य जागी सुरू होतो.

इंग्रजी की ईएसएल?

अर्जात मातृभाषा मराठी लिहिली की काही कार्यालयं थेट ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या वर्गांच्या, परीक्षेला पाठवतात. ती वेगळी परीक्षा आहे आणि वेगळ्या रांगेत नेते. इंग्रजी माध्यमात शिकून इंग्रजीतून पदवी घेतलेल्याने नियमित इंग्रजीची प्लेसमेंट मागावी; माध्यमाचं प्रमाणपत्र सोबत असलं तर काम सोपं होतं. मराठी माध्यमातून आलेल्या आणि लिहिताना अडखळणाऱ्या माणसाला मात्र ईएसएलचा चांगला वर्ग खरोखर पुढे नेतो. कॅलिफोर्नियात ईएसएलमधून ट्रान्स्फर पातळीच्या इंग्रजीपर्यंत पोचायला तीन वर्षांची चौकट धरली आहे.

निकाल दोन वर्गांच्या सीमेवर आला तर 'को-रिक्विझिट' आहे का ते विचारा: कॉलेज पातळीचा वर्ग आणि त्याच सत्रात जोडलेला मदतीचा तास. टेनेसीच्या कम्युनिटी कॉलेजांनी २०१५ मध्ये हा मार्ग राज्यभर स्वीकारला. आठवड्याला दोन-तीन तास जास्त जातात, पण पूर्ण सत्र वाचतं. मुलं लहान असतील किंवा नोकरी असेल तर त्या तासांची वेळ आधी बघून घ्या. हा तास चुकवणाराच मागे पडतो.

वर्ग सुरू झाल्यावर पातळी चुकली असं वाटलं तर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना आणि काउन्सेलरला भेटा. 'ॲड-ड्रॉप'ची, म्हणजे वर्ग घेण्या-सोडण्याची, तारीख उलटेपर्यंत खालच्या किंवा वरच्या वर्गात जागा असल्यास जाता येतं. त्यानंतर वर्ग सोडला तर डब्ल्यू लागतो, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर १२ क्रेडिटच्या खाली जाण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी लागते.