ब्लोहोल निघालं तर पुढे काय? उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं जॉबवर्क

पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) ओतून देणाऱ्या फाउंड्र्या बेळगावात गल्लोगल्ली आहेत आणि दरात फारसा फरक नाही. खरा फरक कळतो माल नापास झाल्यावर. उद्यमबागेतलं हे लहानसं ग्रे आयर्न (बिडाचं) युनिट तिथेच उजवं ठरतं.

ब्लोहोल म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेलं भोक. ते बहुतेक वेळा कातडीखाली दडलेलं असतं. लेथवर दोन-तीन मिलिमीटर निघाले की उघडं पडतं, म्हणजे मशीनिंगचा खर्च होऊन गेल्यावर. अशा वेळी ‘पीस पाठवा, बदलून देतो’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. पण त्याच हीटचे, म्हणजे एकदम वितळवलेल्या त्याच रसाचे, बाकीचे पीस आपल्या रॅकवर असतात, काही निपाणी-संकेश्वरच्या विहिरींवर बसलेलेही असतात. त्यांचं काय?

इथे प्रत्येक केसिंगवर हीट नंबर ओतलेलाच असतो. तक्रार गेली की पहिला कागद येतो तो कारणाचा नव्हे, तर कुठल्या हीटचे किती पीस कुणाकडे गेले आणि कुठले थांबवायचे याचा. कारणाचा कागद मागाहून येतो. नवीन गिऱ्हाइकाने मागितला तर जुना अहवालही दाखवतात. असं करणारे फार थोडे.

पावसाळ्यातल्या एका लॉटचा अहवाल वाचण्यासारखा आहे. भोकं गोल आणि आतून गुळगुळीत, म्हणजे वायूची. श्रिंकेजचं, म्हणजे रस थिजताना आक्रसून पडलेलं, भोक वेडंवाकडं आणि खरखरीत असतं. सीओटू कोअर, म्हणजे आतली पोकळी घडवणारे, सोडियम सिलिकेट घालून सीओटू वायूने घट्ट केलेले वाळूचे गाभे, उघड्या रॅकवर पडून होते. बेळगावच्या जुलैत असा कोअर हवेतला ओलावा ओढून घेतो. त्यात कोअर वॉशने (वरच्या लेपाने) व्हेंट, म्हणजे वायू निघायची छिद्रं, बुजलेले. तापलेला रस आत गेल्यावर वाफेला वाट राहिली नाही. उपायही नेमके लिहिलेत: कोअर केलेल्या दिवशीच वापरायचा, शिळा असेल तर ओव्हनमध्ये सुकवून घ्यायचा, वॉश मारल्यावर व्हेंटमधून तार फिरवायची, साच्याच्या वाळूतला ओलावा 3 ते 4 टक्क्यांत ठेवायचा. कोअरवर पांढरी भुकटी दिसली तर सीओटू जास्त सोडलाय, तो कोअर फेकून द्यायचा. हे सगळं कोअर शॉपच्या भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये टांगलंय. ऑफिसातल्या फाइलपेक्षा ते तिथे असलेलं बरं, कारण कोअर करणारे फाइल उघडत नाहीत.

दुसरी जमेची बाजू, माल शॉट ब्लास्ट करून (छर्र्यांच्या माऱ्याने साफ करून) उघडाच देतात. भोकात लांबी (पुट्टी) भरून वर रेड ऑक्साइड मारायचा धंदा इथे नाही.

आता उणं. अहवालाचा साचा 8डी, म्हणजे दोष सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत, फोर्डने 1987 मध्ये रूढ केलेली. त्याची सातवी पायरी अशी की चूक पुन्हा होऊच नये म्हणून पद्धतच बदलायची. यांच्या अर्ध्याअधिक अहवालांत तिथे ‘कामगारांना सूचना दिली’ एवढंच असतं. सूचना म्हणजे उपाय नव्हे. मोल्डर (साचा करणारा) बदलला की संपली. श्रिंकेजची कारणंही उडत उडत लिहितात. रायझर (थिजताना जादा रस पुरवणारा साठा) कुठे कमी पडला, जाड-बारीक भाग जुळतो तिथे काय झालं, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) आपला असेल तर बोट लगेच त्याच्याकडे जातं. कधीकधी ते बरोबरही असतं म्हणा.

पैशाच्या बाबतीत हात आखडता. कास्टिंग बदलून मिळतं, वाया गेलेल्या मशीनिंगचे पैसे वाद घातल्यावर अर्धेमुर्धे. म्हणून ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं: बिडाची ग्रेड एफजी 260, प्रत्येक पीसवर हीट नंबर, कामाच्या दाबाच्या दीडपट हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), विचारल्याशिवाय वेल्डिंग किंवा भरणी नाही, आणि मशीनिंगनंतर नापास झाल्यास कुणी किती सोसायचं. शेवटच्या कलमावर मालक घासाघीस करतात, पण सही करतात.